हळदीच्या उजेडाचं कडं

भालेराव मॅडम तुमच्याशी बोलायच्या तेव्हा तुमच्याकडे बघायच्या नाहीत. तुमच्या खांद्यावरून पलीकडे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नाहीतर खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बघत बोलायच्या. समोरचा माणूस आधी गोंधळायचा, मग मागे वळून बघायचा, आणि मागे कुणीच नाही म्हटल्यावर मनातून दुखावला जायचा. नांदेडच्या आमच्या भौतिकशास्त्र विभागात यावरून बरीच कुजबुज चाले. विभागप्रमुखांचं तर ठाम मत होतं की बाई शिष्ट आहेत. "मी हेड हाय की न्हाई? मग माझ्याकडं बघून बोलायला काय जातंय यांचं?" असं ते एकदा चहा पिताना माझ्यापाशी करवादले होते. मी हसून सोडून दिलं. खरं कारण तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

ही सवय त्यांची नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांतली. त्याआधी मॅडमची नजर अशी थेट यायची की प्रॅक्टिकलच्या वहीत घरी बसून आकडे जुळवणारं पोरगं काही न विचारताच कबूल व्हायचं.

सुशीला भालेराव हे त्यांचं पूर्ण नाव. बुटकी, सडसडीत मूर्ती, सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, आणि मनगटावर वडिलांचं जुनं पुरुषी घड्याळ. प्रयोगशाळेबाहेर चपला काढायच्या हा त्यांचा नियम. एकदा एका बाहेरून आलेल्या बड्या पाहुण्यांनाही त्यांनी बूट काढायला लावले आणि त्यांच्या मोज्याला पडलेलं भोक अख्ख्या विभागानं पाहिलं. दुपारी व्हरांड्यात उभ्यानं भाकरी आणि ठेचा खायच्या. खाता खाता कुठल्या रिकाम्या वर्गात ट्यूबलाइट चालू दिसली की घास तसाच धरून आधी ती बंद करायला जायच्या. "उजेड हाय तो, धुणं न्हाई, कुठंही वाळत घालायला," असं म्हणायच्या. आम्ही त्यांच्या माघारी या वाक्याची नक्कल करायचो. आता मीच लातूरला माझ्या कॉलेजात रिकाम्या वर्गांतून दिवे घालवत फिरतो आणि पोरं माझी नक्कल करतात.

त्यांचे वडील मुदखेड जंक्शनला रेल्वेत सिग्नलचे दिवे लावायच्या कामावर होते. तेव्हा दिव्यात रॉकेल असायचं. संध्याकाळी खांबावर चढून दिवा पेटवून ठेवायचा. लहानपणी एकदा मॅडम त्यांच्याबरोबर गेल्या. वडील खाली उतरले तर ही पोर खांबाशी उभी राहून रडतेय, की दिवा तर विझला. खालून काहीच दिसेना. वडिलांनी बोट धरून तिला रुळाच्या कडेकडेनं पार लांब नेलं आणि मागे वळून बघायला सांगितलं. लाल डोळा लखलखत होता. "आपल्यासाठी न्हाई तो, गाडीवाल्यासाठी हाय," वडील म्हणाले होते. आयुष्यभर त्या जे काम करत राहिल्या त्याचं मूळ त्या संध्याकाळी होतं, असं त्यांनीच मला सांगितलं होतं.

काम काय, तर उजेडाला दिशा देणं. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, मला त्यांचा विषय कळायला वेळ लागला. शेवटी कँटीनमध्ये एका दुपारी त्यांनी मला तो समजावला. काही रंगांचे रेणू असे असतात की त्यांच्यावर निळा-जांभळा उजेड पाडला की ते स्वतःच्या रंगानं चमकतात. "पण रेणू लई भोळा असतो, जाधव," त्या म्हणाल्या. "मिळालेला उजेड चहूकडं वाटत सुटतो. आपल्या यंत्रापाशी त्यातला चिमूटभर येतो, बाकी सगळा वाया." मग त्यांनी बशी उपडी ठेवली, ही काच समजा म्हणाल्या. काचेवर चांदीचा थर द्यायचा, इतका पातळ की त्यातून पलीकडचं अंधुक दिसावं. त्या चांदीच्या जवळ हा रेणू ठेवला की तो आपला उजेड चहूकडे उधळत नाही. चांदीच्या पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांना हलवतो. त्यांची लाट उठते, आणि ती लाट उजेड होऊन चांदीच्या पलीकडे, काचेतून बाहेर पडते. तीही वाटेल तशी नाही, एका ठरलेल्या कोनातच. काच अर्धगोल घेतली तर तो कोन सगळ्या बाजूंनी सारखा फिरतो आणि समोरच्या कागदावर उजेडाचं कडं उमटतं. मधे काळोख, भोवती कडं.

"आणि जवळ म्हणजे किती जवळ?" मी विचारलं.

"तिथंच तर सगळी गंमत हाय. रेणू चांदीला चिकटला तर चांदी त्याला गिळून टाकते, विझतो तो. लांब गेला तर चांदीला त्याचा पत्ताच लागत न्हाई. मधे पारदर्शक थर घालून अंतर बराबर राखावं लागतं."

हे अंतराचं तत्त्व त्या माणसांनाही लावायच्या. त्यांच्याकडे पीएच.डी. करायला लोहा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची मुलगी आली, अनिता. वसतिगृहात जागा मिळेना. मॅडम एकट्याच राहायच्या. त्यांनी तिला वरची खोली दिली, पण पहिल्याच दिवशी बजावलं, "स्टो तुझा वेगळा. माझ्या स्वयंपाकघरात यायचं न्हाई. चिकटलीस तर मी तुला गिळीन, आणि मग तुझं काहीच चमकायचं न्हाई." अनिता बिचारी घाबरून मला विचारायला आली की मॅडम रागावल्या काय. मी म्हटलं, ज्या दिवशी त्या गोड बोलतील त्या दिवशी घाबर. पुढे वरून खाली भाजीची वाटी यायला लागली आणि खालून वर लोणच्याची. उंबरा मात्र दोघींनीही ओलांडला नाही.

कडं काही उमटेना. चांदीचा थर चढवायचं आमचं यंत्र जुनं. त्यातली हवा पूर्ण निघायची नाही. कधी थर इतका जाड व्हायचा की पलीकडे उजेडच जायचा नाही, कधी असा विरळ की चांदी असून नसल्यासारखी. शेजारी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती, तिथल्या सडक्या अंड्यासारख्या वासाच्या वायूनं आमची कोवळी चांदी काळी पडायची. मॅडम नाक मुरडून खिडकी लावायच्या आणि पुन्हा नव्यानं थर चढवायला घ्यायच्या.

त्याच काळात एका दुपारी त्यांनी मला थांबवून घेतलं आणि डोळ्यांचं सांगितलं. डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा मधला भाग निकामी होत चालला होता. सरळ रेघा त्यांना वाकड्या दिसत होत्या, आणि ज्याच्याकडे नीट बघावं तिथेच डाग यायचा. कडेची नजर शाबूत होती. म्हणून समोरच्याचा चेहरा दिसायला हवा तर त्याच्या बाजूला बघायचं, ही युक्ती त्यांनी आपली आपण शोधली होती.

"म्हणजे आत्ता तुम्ही त्या पंख्याकडं बघून राहिलात ते..."

"तुमच्याकडंच बघून राहिले. दाढी करत जा रोज."

मला हसू येईना. डॉक्टर काय म्हणाले, विचारलं. म्हणाल्या, डाग वाढणार, थांबवायचा इलाज नाही. आणि मग जे म्हणाल्या ते मी विसरलेलो नाही. "मला दुसरी फिकीर न्हाई, जाधव. तेवढं कडं माझ्या डोळ्यांनी बघायचंय. यंत्र आकडा दाखवतं, पण आकडा म्हणजे निरोप. कुणीतरी सांगितलेलं. मला तोंड बघायचंय त्याचं." कुणाला सांगू नका, असंही म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांना शिष्ट म्हणणाऱ्यांशी मी भांडायला लागलो, आणि कारण सांगता येत नसल्यामुळे प्रत्येक भांडणात हरायला लागलो.

त्या वर्षी खंडेनवमीला दरवर्षीसारखी विभागात यंत्रांची पूजा झाली. शेतकरी औत-कुळव पूजतो, सुतार करवत पूजतो, आम्ही मीटर आणि ऑसिलोस्कोप पूजतो. मॅडम पूजेच्या वेळी हात जोडून दाराशी उभ्या राहायच्या. नारळ फोडणं मात्र बाहेर, फरशीवर. अनितानं घरून हळद आणली होती. त्यांच्या रानातली, घरीच शिजवून वाळवून दळलेली. तिनं मोठ्या भक्तीनं सगळ्या यंत्रांना बोटं लावली. झेंडूचा हार घातला. कड्याच्या प्रयोगाची मांडणी तर तिनं जास्तच मनापासून पूजली, कारण तिची पीएच.डी. तिथेच अडकली होती.

दसरा झाला, आणि त्यानंतरच्या पहिल्याच मोजणीत यंत्राचा काटा चढला. ज्या कोनावर उजेड यायला हवा होता तिथे तो आला होता, भरपूर आला होता. अनिता व्हरांड्यातून पळत सुटली. विभागप्रमुखांनी पेढे मागवले. लातूरच्या एका कॉलेजात लवकरच परिसंवाद होता. तिथे अनितानं हे सादर करायचं असं त्यांनी परस्पर कळवूनही टाकलं. मॅडम घरी होत्या, तापानं आजारी. दोन दिवसांनी आल्या, पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. म्हणाल्या, "दाखव."

खोलीचे काळे पडदे ओढले. मी दाराशी होतो. जांभळा लेझर लागला, अनितानं पांढरा कागद समोर धरला, मधे जांभळा उजेड अडवणारी पिवळी काच. मॅडम कागदाच्या बाजूच्या भिंतीकडे बघत होत्या.

"मॅडम, कागद इकडं हाय," अनिता म्हणाली.

"कागद दिसून राहिलाय मला. कडं कुठाय?"

कागदावर पिवळट-हिरवा उजेड होता, पण साऱ्या कागदावर सारखा पसरलेला. मॅडमनी मोजणीचं यंत्र हातानं फिरवायला लावलं. या कोनावर आकडा तेवढाच, त्या कोनावर तेवढाच. अनितानं पूजेनंतर एकाच कोनावर मोजलं होतं. जिथे उजेड यायला हवा होता तिथेच. बाकीकडे तिनं बघितलंच नव्हतं. मॅडमनी स्पिरिटमध्ये कापूस भिजवून तिच्या हाती दिला आणि अर्धगोल काच पुसायला सांगितली. पडदा बाजूला केला. कापूस पिवळाधमक झाला होता.

हळदीचे कण काचेवर बसले होते आणि लेझरनं तेच चमकत होते, सगळीकडे सारखे. चांदीचा त्यात काही संबंध नव्हता. अनिता खाली बसून रडायला लागली. मॅडमनी तो कापूस नाकाशी नेला.

"कुठली हळद गं?"

"आमच्या रानातली, मॅडम."

"लई चमकते," मॅडम म्हणाल्या.

त्याच वेळी त्यांनी तिला डोळ्यांचंही सांगून टाकलं. रडणं आणखी वाढलं. "म्या तुमचा वेळ घालवला," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मॅडम तिच्याशेजारी फरशीवर बसल्या, जराशा अंतरानं, आणि तिचं रडू ओसरेपर्यंत बसून राहिल्या.

परिसंवादातून नाव काढून घ्या, आजारी आहे म्हणून कळवा, असं विभागप्रमुखांचं म्हणणं पडलं. मॅडमनी ऐकलं नाही. त्या स्वतः लातूरला गेल्या, अनिताला आणि मला घेऊन. मंचावर उभ्या राहिल्या आणि सभागृहाच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत म्हणाल्या, "आम्ही उजेडाला दिशा दिली, असं सांगायला येणार होतो. दिलेली न्हाई. ती पूजेची हळद होती." लोक हसले. हसणं थांबेपर्यंत त्या थांबल्या आणि मग चूक कशी झाली, कशी सापडली, हे त्यांनी पायरी-पायरीनं सांगितलं. "जिथं उजेड यावा असं तुम्हाला वाटतं तिथं तर बघालच. जिथं यायला नको तिथंही बघा." पुढच्या रांगेतल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, मग आता पुढे काय? मॅडम म्हणाल्या, "आता हळदच घेणार. आमच्या परदेशी रंगाची बाटली तशीही जुनी झाली." लोक पुन्हा हसले. त्यांना तो विनोद वाटला.

तो विनोद नव्हता. हळदीचा अर्क काढून पारदर्शक प्लॅस्टिकच्या द्रावणात मिसळायचा, चांदीवर आधी रिकामा पारदर्शक थर द्यायचा, त्यावर हे हळदीचं द्रावण काच गरगर फिरवून पसरायचं, असं काम सुरू झालं. अनितानं रसायनशास्त्रवाल्यांच्या हातापाया पडून त्यांचा तो वायू आमच्या चांदीच्या दिवशी बंद ठेवायला लावला. मॅडमना आता सुईच्या टोकाएवढं काम करता येत नव्हतं. काटे, आकडे, स्क्रू, सगळं अनिता वाचून सांगायची. मॅडम बोटांनी चाचपून मांडणी तपासायच्या. विभागातली माणसं आता त्यांच्या तिरक्या नजरेवर बोलेनाशी झाली होती. अनितानं कुणाकुणाला काय सांगितलं होतं कोण जाणे. विभागप्रमुख तर त्यांच्याशी बोलताना स्वतःच जरा बाजूला सरकून उभे राहायचे, म्हणजे त्यांना नीट दिसावं. ते चुकीच्या बाजूला सरकायचे, पण त्यामागची भावना मला आवडायची.

निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते तेव्हा एका दुपारी अनिता मला बोलवायला आली. दारातूनच मानेनं खूण केली. खोलीत गेलो. पडदे ओढलेले. लेझर लागला, आणि कागदावर कडं उमटलं. बारीक, रेखीव, लिंबाच्या सालीसारख्या पिवळट-हिरव्या रंगाचं. मधे गडद काळोख. यंत्र फिरवून अनितानं सगळे कोन आधीच तपासले होते. कड्याखेरीज कुठेही उजेड नव्हता. मला वाटलं होतं तसं ते झगझगीत नव्हतं. शांत होतं. आत कुणीतरी आहे असं दार उघडण्याआधीच कळावं, तसं काहीसं वाटलं मला.

मॅडम स्टुलावर बसल्या होत्या, कागदाच्या अगदी जवळ. आम्ही दोघं त्या कुठल्या बाजूला बघतात याची वाट बघत होतो. त्यांनी नेहमीप्रमाणे मान वळवली, मग परत आणली, आणि कितीतरी दिवसांनी मी त्यांना एखाद्या गोष्टीकडे सरळ बघताना पाहिलं. कड्याच्या बरोबर मध्यावर.

"मधलं काही दिसत न्हाई मला," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "मॅडम, मधे काही नाहीच. काळोख आहे."

"नक्की?"

"नक्की."

"मग मला पूर्ण दिसलं," मॅडम म्हणाल्या. "जसंच्या तसं दिसलं." आणि त्यांनी हात पुढे करून कड्यावरून बोट फिरवलं, सगळं, जिथून सुरू केलं तिथपर्यंत. बोट कुठेही चुकलं नाही. अंधारात मी डोळे पुसले. तिथे कुणाला दिसणार होतं म्हणा.

पुढे मी लातूरला आलो. अनितालाही इथल्याच एका कॉलेजात नोकरी लागली, लग्न झालं. मॅडम निवृत्त होऊन नांदेडलाच राहिल्या. गेल्या हिवाळ्यात त्या अचानक एसटीनं लातूरला आल्या. एकट्या. पिशवीत जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली ती अर्धगोल काच होती. अनिताच्या कॉलेजात जाऊन त्यांनी ती तिच्या हातात दिली, तिथल्या प्रयोगशाळेबाहेर स्वतःच्या चपला काढल्या, आणि आत टेबलं, खिडक्या, पडदे चाचपून बघितले. दुपारी त्या अनिताच्या घरी जेवल्या. जेवण झाल्यावर उठून सरळ तिच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि स्वतःचं ताट घासायला बसल्या. अनिता अडवायला निघाली आणि दारातच थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी आम्ही त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. मी, अनिता आणि तिचा नवरा. बस गर्दीची होती, पण खिडकीची जागा मिळाली. मॅडम आत बसल्या. बस सुरू झाली, मागे सरकली, वळली. आम्ही खाली उभं राहून हात हलवत होतो. मॅडमचं तोंड आमच्याकडे नव्हतं. त्या पलीकडे, क्लासेसच्या मोठमोठ्या पाट्या लागल्या होत्या तिकडे बघत होत्या.

अनिताचा नवरा सरळ माणूस. त्याचा हात हळूहळू खाली आला. "रागावल्या का गं मॅडम? तिकडं बघून राहिल्यात."

"न्हाई वो," अनिता म्हणाली. तिनं त्याचा हात धरून पुन्हा वर केला. "आत्ताच तर आपल्याकडं बघून राहिल्यात."

खिडकीतून वडिलांचं घड्याळ बांधलेला हात बाहेर आला आणि बस फाटकाबाहेर जाईपर्यंत आमच्या दिशेनं हलत राहिला.